ब्रिटनची इमिग्रेशन अपील सेवा : सुनावणी चोख, तारीख लांब

ब्रिटनच्या गृहखात्याने, म्हणजे होम ऑफिसने, व्हिसा, आश्रय किंवा हद्दपारी यांबाबत दिलेला निर्णय मान्य नसेल, तर दाद मागण्याचे पहिले ठिकाण म्हणजे ‘फर्स्ट टियर ट्रायब्युनल’ या न्यायाधिकरणाचा इमिग्रेशन आणि आश्रय विभाग. १५ फेब्रुवारी २०१० रोजी जुने न्यायाधिकरण बंद झाले आणि हे काम या विभागाकडे आले. न्याय ही विकत घ्यायची वस्तू नव्हे, हे खरे. पण येथे अर्जदार शुल्क भरतो, ठरावीक नमुन्यात कागदपत्रे देतो आणि ठरावीक कामाची अपेक्षा ठेवतो, म्हणून एखाद्या सेवेचे करावे तसे तिचे परीक्षण करणे मला योग्य वाटते. माझे मत आधीच सांगतो. सुनावणीचा दर्जा चांगला आहे आणि निकाल कारणांसह लेखी मिळतो. परंतु तो इतक्या उशिरा मिळतो की अनेकांच्या बाबतीत त्याचे निम्मे मोल वाट पाहण्यातच संपलेले असते. या विलंबाचा सर्वांत जड भार ज्यांच्यावर पडतो त्यांच्यातले काही जण तुरुंगात आहेत, त्यामुळे तुरुंगांतील परदेशी कैद्यांचे आकडे बाजूला ठेवून या सेवेविषयी पुरते लिहिता येत नाही.

ही सेवा कोणाला मिळते, याबद्दल आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत. विद्यार्थी व्हिसा किंवा नोकरीचा व्हिसा नाकारला गेला की नातेवाईक ‘अपील करा’ असा सल्ला देतात. पण २०१४ च्या इमिग्रेशन कायद्याने तो मार्ग बंद केला आहे. अशा अर्जदारांना आता फक्त प्रशासकीय फेरतपासणी मागता येते आणि ती होम ऑफिसमधलाच दुसरा अधिकारी करतो. न्यायाधिकरणाकडे जाण्याचा हक्क उरला तो मुख्यतः आश्रयाचा किंवा मानवी हक्कांवर आधारलेला दावा फेटाळला गेल्यास, दिलेले संरक्षण काढून घेतल्यास, नागरिकत्व रद्द केल्यास आणि युरोपीय नागरिकांच्या वास्तव्य योजनेतील काही निर्णयांविरुद्ध. पती किंवा पत्नीच्या व्हिसाची नकारपत्रे यांत बसतात, कारण कौटुंबिक जीवनाचा हक्क हा मानवी हक्क मानला जातो. हद्दपारीची प्रकरणेही बहुधा याच दारातून आत येतात.

शुल्काबाबत मला तक्रार नाही. केवळ कागदपत्रांवरून निर्णय हवा असेल तर ८० पौंड आणि प्रत्यक्ष सुनावणी हवी असेल तर १४० पौंड, हे दर २०११ च्या डिसेंबरपासून चालत आले आहेत. ऑक्टोबर २०१६ मध्ये सरकारने ते अनुक्रमे ४९० आणि ८०० पौंडांवर नेले होते; पण चहूबाजूंनी विरोध झाल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस ही वाढ मागे घेतली गेली. सरकारी खर्चाने वकील मिळालेल्यांना आणि आश्रयार्थी म्हणून मदत घेणाऱ्यांना शुल्क माफ आहे. ज्यांना स्वतःच्या खिशातून पैसे भरावे लागतात त्यांना माझे सांगणे एवढेच, की ६० पौंड वाचवण्यासाठी सुनावणी सोडू नये. आपली बाजू पटवायची असेल तर न्यायाधीशासमोर बसून प्रश्नांची उत्तरे देण्याला पर्याय नाही.

अपील दाखल करण्याची मुदत मात्र फार तोकडी आहे. ब्रिटनमध्ये असलेल्या व्यक्तीला निर्णय कळवला गेल्यापासून १४ दिवस आणि ब्रिटनबाहेर असलेल्या व्यक्तीला २८ दिवस मिळतात. एवढ्या दिवसांत वकील शोधायचा, नकारपत्रातील प्रत्येक परिच्छेद समजून घ्यायचा आणि अर्ज भरायचा. मुदत चुकली तर उशिराचे कारण लिहून देता येते, पण ते मान्य होईलच याचा भरवसा नाही. इंटरनेटवरून अर्ज करण्याची सोय आता झाली आहे आणि ती सुबोध आहे, हे नमूद करायलाच हवे: प्रश्न एकेक करून समोर येतात, भरलेला मजकूर जपून ठेवता येतो आणि आपल्याला दुभाषी हवा असल्यास भाषेबरोबर बोलीही लिहिता येते. दुभाष्याचे पैसे अर्जदाराला द्यावे लागत नाहीत. कोर्टाच्या इंग्रजीची धास्ती घेऊन गप्प बसणाऱ्या माणसाला ही सोय किती मोलाची आहे, हे वेगळे सांगायला नको.

अर्ज गेल्यावर होम ऑफिसने आपले कागद द्यायचे, अपीलकर्त्याने आपल्या युक्तिवादाचा आराखडा आणि पुरावे द्यायचे, आणि मग होम ऑफिसने ते वाचून निर्णय कायम ठेवायचा की मागे घ्यायचा हे कळवायचे, असा क्रम आहे. गेल्या काही वर्षांत या सेवेत झालेल्या सुधारणांमध्ये हा शेवटचा टप्पा मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. नकारपत्र लिहिणारा अधिकारी एक असतो आणि पुराव्यांची पूर्ण फाईल पाहणारा दुसरा. त्यामुळे कमकुवत निर्णय सुनावणीच्या आधीच मागे घेतला जाण्याची शक्यता निर्माण होते. हा टप्पा वेळेवर आणि मनापासून पार पडला तर न्यायाधीशांपुढचा ढीग नक्कीच कमी होईल.

सुनावणीची खोली पहिल्यांदा पाहणाऱ्याला जरा आश्चर्य वाटते. विग नाही, झगा नाही, उंच व्यासपीठही फारसे नाही. समोर न्यायाधीश, एका बाजूला अपीलकर्ता आणि असला तर त्याचा वकील, दुसऱ्या बाजूला होम ऑफिसचा प्रतिनिधी आणि मध्ये दुभाषी. लंडनच्या टेलर हाउसमध्ये असो, ब्रॅडफर्डमध्ये असो की ग्लासगोमध्ये, मांडणी साधारण हीच असते. आधी दुभाषी आणि अपीलकर्ता यांना एकमेकांचे बोलणे समजते का, हे न्यायाधीश तपासून घेतात. त्यानंतर उलटतपासणी सुरू होते: लग्नाला कोण आले होते, घरभाडे कोणाच्या खात्यातून जाते, मुलाला शाळेतून कोण आणते, मागच्या मुलाखतीत ही तारीख वेगळी का सांगितली. प्रश्न बारीक असतात, पण उत्तर पूर्ण करू दिले जाते. निकाल बहुधा त्याच दिवशी मिळत नाही. तो नंतर लेखी येतो आणि कोणत्या पुराव्यावर विश्वास ठेवला, कोणत्यावर नाही आणि का, हे त्यात परिच्छेदवार लिहिलेले असते. हरलेल्या माणसालाही आपले म्हणणे ऐकले गेले हे त्या कागदावरून कळते. माझ्या दृष्टीने ही या सेवेची खरी ताकद आहे. अलीकडच्या वर्षांत आश्रयाच्या निकाली निघालेल्या अपिलांपैकी चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान अपीलकर्त्याच्या बाजूने गेली आहेत, म्हणजे ही तपासणी नावापुरती नाही.

आता विलंबाकडे येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने स्वतःच सांगितलेला आकडा असा, की एकट्या आश्रयाच्या ५१ हजार अपिलांना निकालाची प्रतीक्षा आहे आणि एका अपिलाला सरासरी वर्षाहून अधिक काळ लागतो. कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. २०२३ मध्ये होम ऑफिसने साचलेले आश्रयाचे जुने अर्ज झपाट्याने हातावेगळे केले. पुढे नकारांचे प्रमाण वाढले आणि तुंबलेले पाणी एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात सोडावे तशी रांग होम ऑफिसमधून निघून न्यायाधिकरणाच्या दारात आली. न्यायाधीशांची संख्या त्या वेगाने वाढली नाही. सरकारी खर्चाने काम करणारे वकील तर आधीपासूनच कमी होत होते, कारण त्यांच्या मोबदल्याचे दर अनेक वर्षे गोठलेले होते. ते वाढवण्याची घोषणा २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये झाली. वकील नसलेल्या अपीलकर्त्याची फाईल विस्कळीत असते, तिची सुनावणी लांबते, पुढे ढकलली जाते, आणि मग विलंबातून आणखी विलंब निघतो.

या काळात पुरावा जागच्या जागी थांबत नाही. आईवडिलांपैकी एकाची हद्दपारी मुलावर ‘अवाजवी कठोर’ ठरेल का, हा प्रश्न सुनावणीच्या दिवशी असलेल्या परिस्थितीवरून ठरतो. अर्ज करताना मूल तीन वर्षांचे असेल तर सुनावणीपर्यंत ते पाळणाघरातून शाळेत गेलेले असते, डॉक्टरचे प्रमाणपत्र जुने झालेले असते, साक्षीदार दुसऱ्या गावी गेलेला असतो आणि मायदेशाविषयीचा अहवाल नव्याने मागवावा लागतो. विलंब अपीलकर्त्याच्या पथ्यावर पडतो असे अनेकदा म्हटले जाते. काहींच्या बाबतीत तसे होत असेलही, पण ज्याचा दावा खरा आहे त्याला त्या काळात बहुधा नोकरी करता येत नाही, कुटुंबाला बोलावता येत नाही आणि आयुष्याचा कोणताही बेत आखता येत नाही. शेवटी जिंकणाऱ्या त्या चाळीस-पन्नास टक्क्यांना हा काळ कोणीही परत देत नाही.

घाई हा यावरचा उपाय नाही, हेही ब्रिटनने अनुभवले आहे. स्थानबद्ध आश्रयार्थींसाठी पूर्वी एक ‘जलद मार्ग’ होता आणि त्यात अपील दाखल करायला अवघे दोन कामकाजाचे दिवस मिळत. जुलै २०१५ मध्ये अपील न्यायालयाने ही रचनाच मुळात अन्यायकारक असल्याचा निर्णय दिला आणि ते नियम रद्द ठरले. एका टोकाला दोन दिवस आणि दुसऱ्या टोकाला वर्षभर, अशा दोन्ही अवस्था या सेवेने पाहिल्या आहेत.

तुरुंगांतील परदेशी कैद्यांविषयीच्या चर्चेत नेहमी एकच आकडा फेकला जातो. इंग्लंड आणि वेल्सच्या तुरुंगांत जून २०२४ अखेर सुमारे ८७ हजार कैदी होते आणि त्यांत परदेशी नागरिक सुमारे १० हजार ४००, म्हणजे १२ टक्के. गेल्या दशकभरात हे प्रमाण साधारण ११ ते १३ टक्क्यांच्या आसपासच राहिले आहे. राष्ट्रीयत्वाप्रमाणे पाहिले तर अल्बेनिया सर्वांत वर आणि त्याच्यामागे पोलंड, रोमानिया, आयर्लंड. न्याय मंत्रालय ही आकडेवारी दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध करते, तक्ते कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात, आणि माहितीची सेवा म्हणून तिला मी अपील सेवेपेक्षा वरचा दर्जा देईन. पण ती वाचताना सावध राहावे लागते. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये परदेशात जन्मलेले लोक १६.८ टक्के होते, तर ब्रिटनबाहेरचा पासपोर्ट असलेले ९.९ टक्के. ‘परदेशी’ म्हणून यांपैकी कोणता गट धरायचा, यावर १२ टक्के जास्त आहेत की कमी हे अवलंबून राहते. तुरुंगाचा तक्ता नागरिकत्व पाहतो, जन्मस्थान नव्हे. जो पुढे ब्रिटिश नागरिक झाला तो त्यात ब्रिटिशच मोजला जातो. शिवाय तुरुंगात तरुण पुरुष बहुसंख्य असतात आणि स्थलांतरितांमध्येही तरुणांचे प्रमाण अधिक असते, त्यामुळे वय लक्षात न घेता केलेली तुलना दिशाभूल करते. वंशाचे तक्ते तर पूर्णपणे निराळे आहेत: कैद्यांपैकी सुमारे २७ टक्के वांशिक अल्पसंख्याक आहेत, पण त्यांतले बहुसंख्य ब्रिटिश नागरिकच आहेत. हे दोन तक्ते एकमेकांत मिसळून केलेली विधाने रोज ऐकू येतात, आणि त्यांचा त्रास कायद्याने राहणाऱ्या माणसांना होतो.

आणखी एक गोष्ट त्या १२ टक्क्यांत दडलेली आहे. तुरुंगात असलेला प्रत्येक जण शिक्षा भोगत नसतो. सध्या एकूण कैद्यांपैकी साधारण पाचवा हिस्सा कच्च्या कैद्यांचा आहे, म्हणजे खटला किंवा शिक्षेचा निर्णय बाकी असलेल्यांचा. जामीन देताना न्यायालय पत्ता, नातेवाईक आणि पळून जाण्याची शक्यता पाहते, आणि देशात नवख्या असलेल्या माणसाकडे पहिल्या दोन गोष्टी बहुधा नसतात. तक्त्याच्या तळाशी ‘गुन्हेगारी स्वरूपाचे नसलेले’ कैदी अशी एक छोटी ओळ असते. ज्यांची शिक्षा संपली आहे, पण जे इमिग्रेशनच्या अधिकाराखाली अजून तुरुंगातच ठेवले आहेत, ते या ओळीत येतात. २००७ च्या कायद्यानुसार १२ महिने किंवा त्याहून अधिक शिक्षा झालेल्या परदेशी नागरिकाला, काही अपवाद वगळता, आपोआप हद्दपार केले जाते. त्या कायद्यामागे २००६ ची घटना होती: हद्दपारीचा विचारही न करता १,०२३ परदेशी कैदी सोडले गेल्याचे उघड झाले आणि गृहमंत्री चार्ल्स क्लार्क यांना पद सोडावे लागले. त्या धक्क्यानंतर कोणत्याही अधिकाऱ्याला कैदी सोडण्याचा निर्णय जड जातो, हे समजण्यासारखे आहे. पण शिक्षा संपलेला माणूस अपिलाच्या तारखेची वाट पाहत कोठडीत राहतो तेव्हा तुरुंगाच्या आकड्यात त्याच्या गुन्ह्याबरोबर न्यायाधिकरणाची रांगही मोजली जात असते.

अशा स्थानबद्धतेला मर्यादा घालणारा मूळ निकाल एका भारतीय कैद्याच्या प्रकरणातून आला, हे आपल्या वाचकांनी जाणून घ्यावे. १९८३ मध्ये डरहॅम तुरुंगात शिक्षा संपूनही हद्दपारीसाठी ठेवलेल्या त्या माणसाच्या अर्जावर न्यायालयाने सांगितले, की अशी स्थानबद्धता केवळ हद्दपारीसाठी आणि वाजवी काळापुरतीच असू शकते. ही तत्त्वे आजही ‘हरदियाल सिंग तत्त्वे’ म्हणून प्रत्येक जामीन अर्जात उद्धृत होतात. जामिनाच्या बाबतीत याच न्यायाधिकरणाचे काम समाधानकारक आहे. अपिलाला महिने लागतात, पण जामिनाची सुनावणी काही दिवसांत होते. मात्र चार महिन्यांनंतर जामिनाचा विचार आपोआप व्हावा ही २०१६ च्या कायद्यातील तरतूद हद्दपारीच्या प्रक्रियेतील परदेशी गुन्हेगारांना लागू नाही. त्यांनी स्वतः अर्ज करायचा आणि राहण्याचा पत्ता दाखवायचा. तुरुंगातून पत्ता मिळवणे किती अवघड असेल याची कल्पना कोणीही करू शकेल.

इंटरनेटवरच्या ज्या सोयीचे मी कौतुक केले ती कोठडीत पोहोचत नाही. कैद्याकडे छापील अर्ज, टपाल आणि फोनची मोजकी मिनिटे एवढेच असते, आणि १४ दिवस तर पत्र पाठवले गेल्यापासूनच सुरू होतात. इमिग्रेशन स्थानबद्धता केंद्रात असलेल्या माणसाला अर्धा तास विनामूल्य कायदेशीर सल्ला मिळत असे. त्याच अधिकाराखाली तुरुंगात ठेवलेल्याला मिळत नसे. हा भेदभाव बेकायदा असल्याचा निर्णय उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्यानंतर फोनवरून सल्ल्याची सोय झाली. एप्रिल २०१३ पासून कौटुंबिक जीवनाच्या आधारावरील हद्दपारीच्या प्रकरणांना सरकारी खर्चाने वकील सहजासहजी मिळत नाही. अपवादात्मक मदतीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. चार वर्षांहून कमी शिक्षा झालेल्यांना ठरावीक अपवाद सिद्ध करावे लागतात, आणि चार वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा असेल तर त्याहीपलीकडची ‘अत्यंत सबळ’ कारणे दाखवावी लागतात. इतका बारीक कायदा कोठडीत बसलेल्या माणसाने वकिलाशिवाय मांडावा, ही अपेक्षा मला अवास्तव वाटते.

सरकारचा एक उपाय म्हणजे आधी हद्दपारी आणि मग परदेशातून अपील. २०१७ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक आक्षेप घेतला होता, कारण परदेशातून साक्ष देण्याची परिणामकारक सोय उपलब्ध नव्हती. त्यानंतर व्हिडिओवरून सुनावणीची व्यवस्था उभी करून ही पद्धत पुन्हा आणली गेली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिच्यातील देशांची संख्या ८ वरून २३ करण्यात आली. नव्या यादीत भारत आहे. म्हणजे यापुढे ब्रिटनमध्ये शिक्षा झालेल्या भारतीय नागरिकाला मानवी हक्कांवर आधारलेले अपील भारतात परतल्यानंतर व्हिडिओच्या पडद्यावरून लढवावे लागू शकते. तुरुंगातील गर्दी यामुळे कमी दिसेल. परंतु साक्षीदार, वकील आणि मुले ब्रिटनमध्ये आणि अपीलकर्ता हजारो किलोमीटर दूर, अशा सुनावणीचा दर्जा त्या साध्या खोलीतल्या सुनावणीइतका राहील असे मला वाटत नाही. हद्दपार झालेल्यांपैकी कितींनी परदेशातून अपील केले, किती जिंकले आणि किती खरोखर परत येऊ शकले, हे सरकारने नियमितपणे प्रसिद्ध करायला हवे.

आकडेवारीच्या बाबतीत माझी मुख्य मागणी हीच आहे. न्यायाधिकरणाचे तक्ते अपिले मोजतात, तुरुंगाचे तक्ते माणसे मोजतात, आणि एकाच माणसाची शिक्षा केव्हा संपली, त्याचे अपील केव्हा लागले आणि तो त्यानंतर किती दिवस आत राहिला, हे जोडून दाखवणारा नियमित तक्ता हवा. तो असता तर विलंबामुळे तुरुंगातल्या किती कोठड्या अडल्या आहेत, यावर तर्क लढवावे लागले नसते.

२०२५ मध्ये सरकारने सीमा सुरक्षा, आश्रय आणि इमिग्रेशन विधेयकात सरकारी निवासात राहणाऱ्या आश्रयार्थींच्या आणि स्थानबद्ध नसलेल्या परदेशी गुन्हेगारांच्या अपिलांचा निकाल २४ आठवड्यांत लागावा अशी तरतूद आणली, आणि आश्रयाच्या अपिलांसाठी स्वतंत्र यंत्रणा उभारण्याची घोषणाही केली. २४ आठवडे ही मुदत मला रास्त वाटते. जलद मार्गाच्या घाईपासून ती पुरेशी दूर आहे आणि आजच्या प्रतीक्षेच्या निम्म्याहून कमी आहे. पण ती पाळायला न्यायाधीश, दुभाषी आणि सरकारी खर्चाने काम करणारे वकील या तिघांचीही संख्या वाढावी लागेल, आणि त्यातही सर्वांत आधी वकिलांची. ज्यांना आत्ता या सेवेची गरज आहे त्यांनी नकारपत्राचा लिफाफा आणि त्यावरची तारीख जपून ठेवावी, १४ दिवसांची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात अर्ज करावा आणि सुनावणीचाच पर्याय निवडावा. घरातला माणूस तुरुंगात असेल तर फोनवरील विनामूल्य सल्ल्यासाठी त्याचे नाव त्याच दिवशी नोंदवायला त्याला सांगावे, आणि जामिनासाठी दाखवता येईल असा पत्ता, घरमालकाच्या लेखी संमतीसह, बाहेरच्या नातेवाइकांनी आधीच तयार ठेवावा.